कपाळाची रेघ, बेंबीची रेघ

डोक्याचं माप घेताना टेप कुठून फिरवली, यावर जुन्या टोपीचं सगळं ठरतं. भुवयांच्या वर दोन बोटं, म्हणजे कपाळाच्या साधारण मध्यावर टेप टेकवायची. कानांच्या वर एक बोट मोकळं सोडून ती मागे न्यायची आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून फिरवून पुन्हा कपाळावर आणायची. टेप चिकटलेली हवी, आवळलेली नको. असं तीनदा मोजायचं आणि तिन्हींतलं मोठं माप धरायचं. आलेला आकडा ५७ सेंटिमीटर असेल तर आपल्याकडच्या टोपीवाल्याला साडेबावीस इंच सांगायचं. त्याच डोक्याला बसणाऱ्या ब्रिटिश हॅटच्या आत ७ छापलेलं असतं आणि अमेरिकन हॅटच्या आत ७ १/८. हा एक अष्टमांशाचा फरक ठाऊक नसल्यामुळे चांगल्या जुन्या हॅटा विकत घेतल्या जातात आणि कपाटात पडून राहतात.

माझ्या मते जुन्या काळचा पुरुषी पोशाख दोन रेघांवर उभा आहे. पहिली ही कपाळाची आणि दुसरी बेंबीची. टोपी, पगडी, फेटा, हॅट, सगळं कपाळाच्या रेघेवर बसतं. धोतराची गाठ, पाटलोणीचा पट्टा, कोटाचं मधलं बटण, टायचं टोक, हे सगळं बेंबीच्या रेघेशी जुळतं. आज या दोन्ही रेघा सरकल्या आहेत. हल्लीची टोपी डोक्यावर मागे कलते आणि हल्लीची पँट कमरेच्या हाडांवर अडकते. सरकलेल्या रेघांवर जुना कपडा चढवला की माणूस थेट नाटकातल्या पात्रासारखा दिसतो. मग दोष कपड्याला दिला जातो, ‘आता हे शोभत नाही’ म्हणून. कपड्याची त्यात काही चूक नसते. तो जिथे बसवण्यासाठी बेतला होता तिथे त्याला कुणी बसवलेलंच नसतं.

फेल्ट हॅटपासून सुरुवात करतो, कारण घेताना सर्वांत जास्त फसगत तिच्यात होते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादी हॅट हाती लागली, की आधी ती डोक्यावर न चढवता उलटी करायची आणि आतला चामडी पट्टा बघायचा. पट्ट्याच्या जोडावर बारीक बो असतो, ती हॅटची मागची बाजू. बाहेरच्या फितीचा बो पुरुषांच्या हॅटला डाव्या हाताला येतो. एवढ्या दोन खुणांवरून हॅट उलटसुलट घालण्याची नामुष्की टळते. मग पट्टा बोटाने हलकेच उलटवून बघायचा. चामडं लवचिक असेल तर ते सहज वळतं आणि मागे मापाची कागदी चिठ्ठी सापडू शकते. कडकडीत वाळलेलं असेल तर तिथेच थांबायचं. वाळलेलं चामडं जोर केला की पापडासारखं तुटतं. शिवाय चामडं आकसलं की ते फेल्टलाही आत ओढतं, त्यामुळे छापील माप ५८ असलं तरी हॅट ५७ च्या डोक्यालाही घट्ट होते. म्हणून छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. पट्ट्याच्या आतून टेप फिरवून स्वतः मोजावं.

फेल्ट दोन प्रकारचं. एक मेंढीच्या लोकरीचं, दुसरं ससा, रानससा किंवा बीव्हर यांच्या केसांचं. चांगल्या जुन्या हॅटा बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या. या केसांवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की खवले एकमेकांत अडकत जातात आणि विणकामाशिवाय, शिवणीशिवाय एकसंध कापड तयार होतं. ते पातळ असतं, हाताला सांबराच्या मऊ कातड्यासारखं लागतं, आणि चुरगळून सोडलं तर आपला आकार पुन्हा धरू लागतं. लोकरीचं फेल्ट त्यापेक्षा जाड, खरखरीत आणि पावसाचं वैरी. दोन-तीनदा भिजलं की माथा आकसत जाऊन शंकूसारखा होतो. इटलीतल्या अलेस्सांद्रियात १८५७ मध्ये सुरू झालेल्या बोर्सालिनोचं आणि फिलाडेल्फियात १८६५ मध्ये सुरू झालेल्या स्टेटसनचं नाव झालं ते याच पातळ, चिवट केसाळ फेल्टमुळे. नावाचा शिक्का मात्र शेवटी बघायचा. आधी हॅट उजेडासमोर धरायची. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती कसर लागल्याची खूण. वरवर कुरतडलेल्या रेषा असतील तर ब्रशने झाकल्या जातात, आरपार भोक कशानेच झाकलं जात नाही.

एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. सशाच्या कातड्यावरचे केस फेल्टसाठी तयार करताना पूर्वी पाऱ्याचं संयुग वापरत. ते काम करणाऱ्यांचे हात कापू लागत, बोलणं अडखळे, डोक्यावर परिणाम होई. अमेरिकेत कनेटिकटमधलं डॅनबरी हे हॅटांचं शहर, तिथे या कंपाला शहराचंच नाव पडलं होतं. अमेरिकेतल्या हॅट-धंद्यात पाऱ्याचा वापर १९४१ मध्ये थांबला. त्याआधीच्या हॅटांमध्ये पाऱ्याचा अंश आजही सापडतो. घालायला त्याने अडत नाही, पण अशी हॅट झटकायची ती घराबाहेर, आणि वाफ द्यायची ती खिडकी सताड उघडी ठेवून. ज्या कारागिरांनी हातांचा थरकाप सोसून ही वस्तू घडवली, त्यांची आठवण हॅट हातात घेताना असावी.

साफसफाई. मऊ केसांचा ब्रश घ्यायचा, गडद हॅटला एक आणि फिक्या हॅटला वेगळा. हॅट वरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, लांब आणि हलके हात मारत फिरायचं; फेल्टची लव साधारण त्या दिशेने बसवलेली असते. उलटं घासलं तर धूळ निघते, पण लव विस्कटून चट्टे दिसतात. तेलकट डाग असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी ब्रशने काढायचं. काळ्या हॅटवर हा प्रयोग आधी कडेच्या खालच्या बाजूला करून बघावा, कारण पांढरी पूड लवेत अडकून बसते. आतला पट्टा ओलसर फडक्याने पुसायचा आणि वाळल्यावर चामड्याचं क्रीम अगदी बोटभर लावायचं. जास्त लावलं तर ते फेल्टमध्ये उतरतं आणि बाहेरच्या फितीजवळ काळपट गोल डाग उमटतो. तो पुन्हा निघत नाही.

बसका माथा उठवायचा किंवा वाकडी कड सरळ करायची तर वाफ लागते. चहाच्या किटलीची पुरते. हॅट तोटीपासून वीतभर लांब धरायची, एका जागी दहा-पंधरा सेकंद, मग बोटांनी आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. आकार गार होतानाच बसतो, गरम असताना नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. दुसरी चूक पट्टा आत ठेवूनच वाफ देण्याची. चामड्याला वाफ लागली की ते आखडतं आणि हॅट एका मापाने लहान होते. म्हणून आधी पट्टा बाहेर उलटायचा. हॅट पावसात सापडलीच तर झटकून, पट्टा बाहेर काढून त्या पट्ट्यावरच उभी करायची आणि सावलीत चोवीस तास वाळू द्यायची. हेअर ड्रायर नको, ऊन नको, उन्हात लावलेल्या गाडीची मागची काच तर नकोच नको.

घालताना आणि काढताना कड धरायची, पुढची आणि मागची, दोन हातांनी. माथ्यावरचा पुढचा चिमटा धरून हॅट उचलण्याची लकब देखणी दिसते, पण जुनी हॅट पहिल्यांदा फाटते ती तिथेच. टेबलावर ठेवताना उलटी, माथ्यावर टेकवून ठेवायची, म्हणजे कड चपटी होत नाही. किंचित सैल असेल तर पट्ट्याच्या मागे फोमची बारीक पट्टी सरकवायची, कपाळाच्या बाजूला एक आणि डोक्याच्या मागच्या बाजूला एक. घट्ट हॅट मात्र घेऊच नये. अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ उठतो आणि मग माणूस दिवसभर ती हातातच बाळगतो.

कपाळाची हीच रेघ आपल्या पागोट्यांना लागू पडते. मात्र आपल्याकडे डोक्यावरच्या वस्तूचं माप जेवढं महत्त्वाचं, तेवढाच तिचा अर्थही. फेटा आणि पागोटं दर वेळी डोक्यावर बांधायचं असतं. पगडी एकदाच साच्यावर बांधून, टाचून पक्की केलेली असते आणि नंतर ती टोपीसारखी चढवतात. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्या डोक्यावरची ती पुणेरी पगडी. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. साच्यावर बनते म्हणून पगडीचं माप नंतर बदलत नाही. दुकानातली तयार पगडी डोक्यावर डुलत असेल तर कापूस कोंबून ती बसवता येईल, पण मान वळली की पगडी मागे राहील. डोक्याचं माप देऊन करवून घेणं हाच एक मार्ग.

पगडीचा घाट, पागोट्याची बांधणी, फेट्याचा पिळ यांवरून एके काळी माणसाची जात, गाव आणि धंदा ओळखू येई. ही गोष्ट वगळून जुन्या पोशाखाचं कौतुक करणं मला पटत नाही. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि देशातल्या रयतेची स्थिती त्यांनी त्या वेषासह पाहुण्यांसमोर ठेवली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूट, टाय आणि हॅट घातली. ज्या समाजाला नीटनेटका कपडा घालायलाही बंदी होती, त्या समाजातल्या माणसाच्या अंगावर तो सूट काय बोलत होता हे वेगळं सांगायला नको. १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांनाही त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली होती. म्हणून आज फेटा बांधताना किंवा पगडी चढवताना, ती कुणाची खूण होती आणि कुणाला नाकारलेली होती, हे माहीत असावं. माहीत असूनही ती घालता येते, आणि जास्त जबाबदारीने घालता येते.

गांधी टोपीची गोष्ट तर पूर्णपणे धुण्याची गोष्ट आहे. गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवलं आहे की गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहून काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. ती घडी होऊन खिशात मावते. पण ती लोकरीची, म्हणून कापड सुती घेतलं. रंग पांढरा घेतला, कारण घाम आणि मळ पांढऱ्यावर लगेच दिसतो, आणि दिसला की माणूस टोपी धुतो. स्वतः गांधीजींनी ती दोन-तीन वर्षंच घातली. १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला. महाराष्ट्राने मात्र ती सोडली नाही. गावोगावचे म्हातारे, पंढरीच्या वाटेवरचे वारकरी, मुंबईचे डबेवाले, सगळ्यांच्या डोक्यावर ती आजही आहे. ती घेताना अर्धा इंच मोठी घ्यावी, कारण पहिल्या दोन धुण्यांत सुती कापड आटतं. आणि घालताना पुढचं टोक कपाळावर यायला हवं. केसांच्या मागे ढकललेली टोपी एका झुळकीत उडते.

फेट्याबद्दल थोडक्यात. पन्हा साधारण मीटरभर, लांबी बांधणीप्रमाणे पाच-सहा मीटरपासून आठ-नऊ मीटरपर्यंत. एक टोक पाठीवर सोडायचं तो शेमला, दुसरं वर उभं राहतं तो तुरा. पहिला वेढा कपाळाच्या रेघेवर घट्ट बसला तर फेटा संध्याकाळपर्यंत टिकतो. तो भुवयांवर उतरला किंवा केसांवर चढला तर नंतरचे वेढे कितीही आवळा, तासाभरात सगळं सैल पडतं. त्या दिवशी डोक्याला तेल नको.

आता बेंबीची रेघ. धोतराची लांबी साडेचार ते पाच वार, म्हणजे सव्वाचार-साडेचार मीटरच्या आसपास. पूर्वी धोतरजोडी मिळे, त्यातलं एकेक पान वेगळं करून नेसत. नेसण्याची रीत घराघरांत थोडी वेगळी, पण हाडं तीच. धोतराचा मधला भाग पाठीमागे कमरेवर धरायचा, दोन्ही टोकं पुढे आणायची. वरचा काठ बेंबीच्या रेघेत ठेवायचा आणि दोन्हीकडचा काठ अंगालगत चिमटीत धरून बेंबीवर गाठ मारायची. गाठ मारताना पोट आत ओढून धरायचं नाही. ओढलं तर जेवणानंतर गाठ रुतते. मग एका टोकाच्या निऱ्या करून त्या दोन पायांमधून मागे न्यायच्या, वर ओढायच्या आणि कण्यावर खोचायच्या. तो काष्टा. उरलेल्या टोकाच्या निऱ्या घालून पुढे गाठीखाली खोचायच्या, म्हणजे सोगा पायांवर मोकळा पडतो.

इथे एक पायरी बहुतेक जण गाळतात. काष्टा खोचला की पुढच्या निऱ्या खोचण्याआधी एकदा उकिडवं बसून उठायचं. काष्टा फार ताणलेला असेल तर तो बसताना सुटून येईल किंवा कापड आसनाशी चिरेल. सैल असेल तर उठल्यावर मागे झोळ लोंबेल. हे कळतं ते बसून बघितल्यावरच. मग काष्टा दोन बोटं सोडायचा किंवा ओढायचा. नंतर जिन्याच्या दोन पायऱ्या चढून बघायच्या. खालचा काठ घोट्यावर टेकेल इतका हवा. तो जमिनीला लागत असेल तर गाठ बेंबीच्या खाली घसरली आहे असं समजावं, आणि खालून दुमडत न बसता गाठ सोडून पुन्हा बांधावी. पुरुषाच्या कमरेखाली अडवायला पुरेसा बाक नसतो, त्यामुळे हाडांवर बांधलेलं धोतर चालता चालता उतरतंच. लग्नात इलास्टिक लावलेलं शिवलेलं धोतर घालतात, ते निसटत नाही, एवढंच त्याचं सुख. निऱ्यांची चाल त्यात येत नाही. दहा वेळा नेसून सराव केला की अकराव्या वेळी तीन मिनिटं पुरतात, तेव्हा तो सराव करावाच.

धोतरावरचं अंग एके काळी बाराबंदीने झाकलं जाई. बटणं नाहीत, बारा बंद. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे भाविक आजही पांढरी बाराबंदी घालतात. जुना पोशाख कामासकट टिकून राहिला आहे तो अशा ठिकाणी. कितीतरी फूट उंच ध्वज पेलताना अंगावरचा कपडा कसा वागतो, हे तिथे एकदा जाऊन बघावं.

पाटलोणीकडे वळू. १९३० ते १९५० च्या दरम्यानची पाटलोण बेंबीवर बसते. तिचं आसन, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून पुढच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, बारा-तेरा इंच असतं. हल्लीच्या पँटचं आठ ते दहा. जुनी पाटलोण कमरेच्या हाडांवर अडकवली तर आसन गुडघ्यांकडे लोंबतं आणि पट्टा हाडांवर बसत नाही, कारण तो वरच्या, वेगळ्या घेरासाठी बेतलेला. मग ‘लहान होते’ म्हणून ती परत केली जाते. घेण्याआधी बेंबीवरून स्वतःचा घेर मोजावा. तो पँटच्या नेहमीच्या मापापेक्षा वेगळा येतोच; पोट सुटलेलं असेल तर दोन-तीन इंचांनीसुद्धा.

ही पाटलोण सहसा बेल्टने आवळण्यासाठी बेतलेली नसते. तिला गॅलिस, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे, लागतात. पाटलोणीच्या कमरपट्टीवर त्यांच्यासाठी सहा बटणं असतात, पुढे दोन जोड्या, मागे एक. घेर इंचभर सैल ठेवायचा आणि सगळं वजन खांद्यांवर सोडायचं. मग कापड घडीवरून सरळ खाली पडतं, बसताना पोट आवळत नाही आणि शर्ट बाहेर निघत नाही. गॅलिस आणि बेल्ट एकदम वापरू नयेत, दोन्हींचं काम एकच. चिमटेवाले गॅलिस जुन्या कापडाचे दोरे तोडतात. बटणं नसतील तर शिंप्याकडून लावून घ्यावीत, अर्ध्या तासाचं काम आहे.

पाटलोण वर गेली की बाकीचं आपोआप जुळतं. कोटाचं मधलं बटण बेंबीशी येतं आणि त्याच्या खाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावत नाही. जुने टाय पन्नास-बावन्न इंचांचे, आजच्यापेक्षा पाच-सात इंच आखूड. त्यामुळे हल्लीच्या पँटवर ते पोटाच्या मधोमध संपतात आणि घालणाऱ्याला वाटतं की टाय लहान मुलाचा आहे. तोच टाय उंच पाटलोणीवर नेमका पट्ट्याला टेकतो. एक रेघ जागेवर आली की किती गोष्टी जागेवर येतात, हे बघताना मला दर वेळी आनंद होतो.

कोट घेताना आधी खांदे. शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. छाती, कंबर, बाह्या शिंपी दुरुस्त करील. खांदा उसवून बसवण्याचा खर्च नव्या कोटाएवढा होतो आणि तरीही तो नीट बसत नाही. कोट बटणं लावून सपाट टेबलावर ठेवायचा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं. आलेल्या आकड्याची दुप्पट ही कोटाची छाती, ती स्वतःच्या छातीपेक्षा चारेक इंचांनी जास्त हवी. वीस इंच आले तर कोट छत्तिसाच्या माणसाचा. मग आतली माया बघायची. जुने शिंपी शिवणीच्या आत कापड सढळ सोडत. पाटलोणीच्या मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया असेल तर कंबर दोन-अडीच इंचांनी वाढवता येते. काखेतलं कापड दोन अंगठ्यांत धरून हलकं ताणायचं. वर्षानुवर्षांच्या घामाने तिथलं कापड कुजतं आणि कर्रकन विरतं. काख विरली असेल तर कोट ठेवून पुढे जायचं.

कोट खरंच किती जुना, हे ओळखायला काही खुणा आहेत. पुरुषांच्या पाटलोणीला चेन रुळायला लागली ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याआधी बटणंच. ब्रिटिश कपड्यात ‘सीसी ४१’ असा शिक्का असेल तर तो युद्धकाळातल्या आणि नंतरच्या सरकारी काटकसरीच्या योजनेतला, १९४१ ते १९५२ मधला. त्याच काटकसरीपायी ब्रिटनमध्ये १९४२ पासून पाटलोणीच्या खालच्या दुमडीवर बंदी होती, ती १९४४ मध्ये उठली. लोकरीच्या पिळाचं वूलमार्क चिन्ह दिसलं तर कपडा १९६४ च्या नंतरचा, विकणारा काहीही सांगो. आणि मायेतून एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघावा. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर. कागद जळल्याचा वास म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टरची भेसळ आहे.

खळीचं प्रमाण अनेकांचं चुकतं. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा आरारूट धोतराला पुरतं. टोपीला आणि फेट्याच्या तुऱ्याला दोन. आरारूट आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं आणि पाणी नितळ दिसेपर्यंत ढवळायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि इस्त्री करताना त्या कापडावर चिकटून पिवळ्या पडतात. गाळून, कोमट झाल्यावर कपडा बुडवायचा. नीळ द्यायची असेल तर ती वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून, खळीच्या आधी. खळ द्यायची ती घालण्यापुरतीच. खळीचा कपडा घडी करून महिनोन् महिने ठेवला तर रुपेरी किडे (सिल्व्हरफिश) आधी तिथेच येतात, कारण खळ हे त्यांचं खाणं. शिवाय घडीच्या रेषेवर कापड चिरतं. ठेवणीतलं धोतर धुऊन, बिनखळीचं, आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलून ठेवावं.

लोकर आणि फेल्ट यांचा आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या वर असते. म्हणून मृग लागण्याआधी सगळं ब्रशने झाडून, सावलीत दिवसभर वारा देऊन आवरावं. घामाचा आणि अन्नाचा अंश राहिलेला कपडा कसर आधी गाठते. हॅट डब्यात उलटी, माथ्यात कागदाचे बोळे भरून ठेवायची. कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती कापडाच्या पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, आपल्या घरांतली जुनी आणि चांगली रीत आहे. डांबरगोळ्या तान्हं मूल असलेल्या घरात वापरूच नयेत. वापरायच्या तर कपड्याला न टेकता, कागदात बांधून वरच्या बाजूला, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते.

बाजारातून आणलेला लोकरी कपडा सरळ कपाटात ठेवू नये. त्यात अंडी असली तर महिन्याभरात बाकीचे कपडेही जातात. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. घरच्या साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरेसा गार असेलच असं नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं आणि कपडा कोरडा राहतो. बुरशी आलीच तर ऑक्टोबरच्या उन्हात, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडायची. ओल्या फडक्याने पुसली तर ती कापडात आणखी आत जाते.

आणि एवढं करूनही कुठेतरी भोक पडतंच. पडलं तर आधी ते धुऊ नये, इस्त्री करू नये, काठाचे सुटे दोरे कापू नयेत. तसाच कोट रफूगाराकडे न्यावा. चांगला रफूगार आधी कोट उलटा करतो. खालच्या दुमडीत किंवा शिवणीच्या मायेत, जिथलं कापड इतक्या वर्षांत उन्हाने उडालेलं नाही की घामाने विरलेलं नाही, तिथून तो सुईच्या टोकाने एकेक दोरा उचकटून काढतो. उभे दोरे वेगळे, आडवे वेगळे, बोटभर लांबीचे, मांडीवर ओळीने मांडलेले. मग कोट उजेडाकडे ताणून धरतो आणि भोकाच्या एका बाजूला पाव इंच आधीपासून सुई घालतो, एक दोरा वरून, एक खालून, मूळ विणीतला तिरपा पिळ मोजत. भोक भरलं की उलट्या बाजूने दोऱ्यांची टोकं कापतो आणि नख फिरवून ती जागा बसवतो. रंग थोडा गडद दिसतो, कारण त्या दोऱ्यांनी ऊन पाहिलेलं नसतं. दोन-तीन हिवाळे कोट अंगावर घातला की तोही फरक राहत नाही.